विज्ञानाच्या संशोधकाने कला कशी हाताळावी

विज्ञान विद्याशाखेत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला कलेची आवड जोपासण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ती आवड प्रयोगशाळेत कशी उपयोगी पडते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. केवळ चित्रे पाहून किंवा मैफली ऐकून हे साधत नाही. थोडे का होईना, स्वतः करावे लागते.

आरंभ रेखाटनापासून करावा. वडोदऱ्यात त्यासाठी कमाटीबागेतील संग्रहालयाइतकी सोयीची जागा नाही, कारण युरोपीय तैलचित्रे आणि देवमाशाचा सांगाडा दोन्ही तेथे पाहावयास मिळतात. मोबाइल खिशात ठेवून सांगाड्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवासमोर कागद-पेन्सिल घेऊन उभे राहावे. वरचे एक हाड, त्याला जोडलेली दोन, पुढे मनगटाची आणि बोटांची हाडे अशा क्रमाने रेघ सरकू लागली की आपल्याच हाताची रचना कागदावर उतरत असल्याचे ध्यानात येते. मग तैलचित्रांच्या दालनात जाऊन, प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि सावलीमुळे गोलाई कशी भासते, एवढेच पाहावे. 1609 मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट या गणितज्ञाने गॅलिलिओच्या काही महिने आधी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले होते. परंतु त्यावरील छायांवरून तेथे डोंगर आहेत हे ओळखले ते गॅलिलिओने. छायाप्रकाशाच्या चित्रकलेचा त्याचा अभ्यास येथे कामी आला, असे काही इतिहासकार मानतात. सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीचेही छायाचित्र घेण्यापूर्वी हाताने चित्र काढावे. ते सुबक नसले तरी चालते. खोटे मात्र नसावे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तबल्याकडे वळावे. ज्या वडोदऱ्यात गायक मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये सुरू झाली, तेथे शिकवणारा शोधणे अवघड नाही. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून डफाचा नाद नेमक्या सुरात लागत नाही. तबल्याच्या मध्यावरील शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, वजनामुळे ते पुष्कळसे पटीत येतात. मृदंग व तबल्याच्या या गुणावर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये सहकाऱ्यासह लिहिले. आधी ‘ना’ आणि ‘तूं’ हे तबल्याचे बोल डोळे मिटून ऐकावेत, कोणता उपस्वर ठळक आहे याचा अंदाज वहीत लिहावा आणि त्यानंतरच ध्वनिमुद्रण करून संगणकावर वारंवारता तपासाव्यात. हा क्रम उलटा केल्यास कान काहीच शिकत नाही.

राहिले साहित्य. कोणते वाचावे याची यादी देण्यात अर्थ नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील मराठी कपाटे चाळून आपले आपण ठरवावे. लिहिणे अधिक महत्त्वाचे. जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्रातील संशोधन चालू असतानाच मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. आपल्याकडे वडोदऱ्याच्या मराठी घरांत शिक्षण इंग्रजीत, बाजारहाट गुजरातीत आणि मराठी घरापुरती, अशी वाटणी झाली आहे; तिचाच फायदा घ्यावा. महिन्यातून एकदा आपल्या कामाविषयी एक पान मराठीत लिहून आईला किंवा आत्याला वाचून दाखवावे. ‘म्हणजे काय रे?’ असे त्या जेथे विचारतील, ते वाक्य इंग्रजी प्रबंधातही पुन्हा लिहावे.