आई एकटी राहते? कॅमेरा नको, चार सेन्सर पुरतात

आई सांगलीत एकटी, वय ७८, मी पुण्यात. दिवसातून चारदा फोन केला की वैतागायची, "अगं आहे मी, गेले नाही अजून", आणि नाही उचलला की इकडे माझा जीव टांगणीला. म्हणून हे बसवलं.

आधी आईला विचारा, गुपचूप काही लावू नका. कॅमेऱ्याला आमची आई सरळ नाही म्हणाली, आणि बरोबरच आहे, स्वतःच्या घरात दिवसभर पदर सावरत कोण बसेल. मोशन सेन्सरला फोटो नाही आवाज नाही, अंगाची उष्णता हलली एवढंच कळतं.

घरभर नकोत. एक मोशन सेन्सर स्वयंपाकघरात, एक बेडरूममधून बाथरूमला जायच्या वाटेवर, आणि दाराचे दोन, मेन डोअर आणि बाथरूमला. मोशनवाले ६-७ फुटांवर, थेट ऊन पडणार नाही असे. आमच्याकडे रात्री २ ला स्वयंपाकघरात हालचाल दिसायची, आई म्हणे मी तर झोपलेले, निघाली शेजारची मांजर! सेन्सरच्या काचेवर खालच्या बाजूला चिकटपट्टी लावली, मिटलं. राउटर आणि हब (सेन्सरचे सिग्नल नेटवरून आपल्या मोबाइलवर पाठवणारी डबी) इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की उगाच घाबरायचं.

पहिले दोन आठवडे अलर्ट लावूच नका, नुसतं बघा. आई साडेपाचला चहा करते, दुपारी १ ते ३ झोपते, हे कळल्यावर मग दोन-तीनच नियम: सकाळी ७ पर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही, बाथरूमचं दार ४५ मिनिटं बंदच (म्हणून एरवी ते उघडं ठेवायचं), रात्री मेन डोअर उघडलं. जास्त लावले की फोन सारखा वाजतो आणि आपण बघायचंच सोडतो. ती गावाला गेली की बंद करायला विसरू नका.

आता खरं काम. कोणी पडलं तर हे सेन्सर लगेच सांगत नाहीत, आणि अलर्ट आला तरी मी पुण्यातून काय करणार? म्हणून शेजारच्या काकूंकडे किल्ली. पण आई रात्री आतून कडी लावायची, मग किल्ली काय कामाची! आता फक्त लॅच. अलर्ट आला की आधी आईला फोन, मग काकूंना, मग ११२.

महिन्यातून एकदा ट्रायल घ्या. आईला म्हटलं उद्या ७ पर्यंत स्वयंपाकघरात जाऊ नकोस. सहालाच फोन, "चहाशिवाय नाही जमत गं, दुपारचं काहीतरी टेस्ट कर."