समुद्रकाठच्या छोट्या इको हॉटेलात राहायचंय? मग हे बघून जा

बुकिंग करायच्या आधी फोन करा, मेसेज नको, फोनच. अशा ठिकाणी फोन उचलणारा बहुतेक वेळा मालकच असतो, त्याला तीनच गोष्टी विचारायच्या: वापरलेलं पाणी कुठे जातं, कचऱ्याचं काय करता, आणि लाइट गेले की काय काय चालू राहतं. जो खरंच हे सगळं करतो तो सुरू झाला की थांबत नाही, टाकी कुठे, खड्डा कुठे, बॅटरी किती तास पुरते, सगळं सांगतो. नुसतं "आम्ही एकदम इको-फ्रेंडली आहोत हो" एवढंच आलं तर समजायचं, बांबूचे टूथब्रश ठेवलेत आणि टॉवेल रोज बदलत नाहीत, संपलं. आणि ब्लू फ्लॅगची पाटी बघून भुलू नका, तो झेंडा स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याला मिळतो, हॉटेलला नाही. हॉटेलांसाठी ग्रीन की वगैरे वेगळी सर्टिफिकेटं असतात.

एसी नसेल तर खोली नीट निवडा. सगळे सी व्ह्यू मागतात, मीही मागायचे. पण शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा, दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून. म्हणजे फक्त समुद्राकडेच खिडकी असलेली खोली रात्री कोंदट होऊ शकते. मागच्या भिंतीलाही खिडकी आहे का ते विचारा, व्ह्यू थोडा कमी असला तरी चालेल.

आता पाणी, खरी गंमत इथेच आहे. किनाऱ्यावर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर मचूळ होते. म्हणून बाथरूममध्ये बादली ठेवलेली असते, गरिबी म्हणून नाही. साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सहज घेतो, १० मिनिटं उभं राहिलात की जवळपास १०० लिटर गेले, बादलीत तेच काम २० लिटरमध्ये होतं. गरम पाणी सोलरचं असेल तर कधी मिळतं तेही विचारून ठेवा. मी एकदा पहाटे डोक्याला शाम्पू फासून नळ सोडला तर पाणी गारेगार, कारण आदल्या संध्याकाळी बीचवरून आल्यावर आम्ही सगळ्यांनीच मिळून टाकी रिकामी केली होती. (तक्रार कोणाकडे करणार, त्यात मीही होते.)

पाय बाहेरच धुवा, वाळू ड्रेनेजमध्ये गेली की तुंबतं. अंगाला चिकटलेली ओली वाळू चोळत बसू नका, आधी ती सुकू द्या, मग नुसत्या हाताने झटकली तरी पडते. वेट वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नको, प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून यांची विक्रीच बंद आहे. फुल बाह्यांचा टीशर्ट घालून पाण्यात उतरलात तर क्रीम तसंही कमी लागतं. रात्री बाल्कनीतला दिवा बंद ठेवा. कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजेडाच्या दिशेने जातात, पूर्वी तो उजेड समुद्राकडे असायचा, आता तुमच्या बल्बकडे असतो.

पोचल्यावर भरतीची वेळ विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्यात साधारण ५० मिनिटं मिळवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा चपला वाळूत ठेवून लांब फिरायला जाऊ नका. लहान ठिकाणी लाइफगार्ड बहुधा नसतोच, त्यामुळे पाण्याला कुठे ओढ आहे, म्हणजे आत खेचणारा प्रवाह, ते तिथल्याच माणसांना विचारा, आणि ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा.

आणि हो, शांत म्हणजे आवाज नाही असं नाही हां, पहिल्या रात्री गाज इतकी जोरात वाटते की झोपच लागत नाही. इअरप्लग न्या, स्पीकर घरी ठेवा. चार्जिंग दुपारीच उरकून घ्या, सोलर तेव्हा जोरात असतं. निघताना बाटल्या, संपलेले सेल, शाम्पूच्या पुड्या सगळं परत बॅगेत भरा, तिथे रोज कचऱ्याची गाडी येतेच असं नाही.