दर महिन्याला किल्लाच कशाला? युवा गटाचे साहस उपक्रम आखताना या चुका टाळा

जूनमध्ये पस्तीस मुलं, दिवाळीनंतर सतरा, फेब्रुवारीत नऊ. पुण्यातल्या आमच्या युवा गटाची एका वर्षाची हजेरीची वही अशी होती. आजूबाजूच्या सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून जमलेला हा गट, वय तेरा ते सतरा. गळती का लागली यावर गट चालवणाऱ्या आम्ही ताई-दादा मंडळींनी बरीच चर्चा केली. मोबाइल सुटत नाही, क्लास बुडवायचे नसतात, पालक सोडत नाहीत, अशी कारणं निघाली. मग एकदा वही नीट चाळली. शेवटपर्यंत टिकलेली नऊच्या नऊ मुलं चढायला पटाईत होती. त्या वर्षी आम्ही सिंहगड, तिकोना, लोहगड, राजगड आणि तोरणा केले होते. म्हणजे दर वेळी परीक्षा एकाच विषयाची, फक्त पेपर वेगळा.

जागा बदलली म्हणजे उपक्रम बदलला असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या बऱ्याचशा इथूनच निघतात. आपल्याला तिकोना वेगळा आणि लोहगड वेगळा. पण ज्या मुलाला चढावर दम लागतो, त्याच्यासाठी दोन्हीकडे सगळ्यांच्या मागे राहणं तेवढंच असतं. आखणी करताना ठिकाणांची यादी करू नका. बारा महिन्यांचे रकाने पाडा आणि प्रत्येकापुढे लिहा की हा उपक्रम मुलांकडून काय मागतो: पायांची ताकद, हाताचं कौशल्य, पाण्यातला धीर, डोकं, अंधारात शांत बसणं की दुसऱ्यावर भरवसा. लागोपाठच्या दोन रकान्यांत एकच उत्तर आलं तर त्यातला एक बदला. पानात डावं-उजवं दोन्ही लागतं, तसंच हे.

आमच्याकडे एक मुलगा होता. सिंहगडाला आटकरवाडीच्या वाटेवर तो दुसऱ्या ताकवाल्यापाशीच बसून राहायचा. पुढच्या वर्षी आम्ही वेताळ टेकडीवर नकाशा आणि होकायंत्राचा खेळ ठेवला. पाच-पाच जणांचे गट, आठ खुणा, दोन तास. बाकीचे गट बाण दिसेल त्या दिशेला धावत सुटले. हा मात्र नकाशा मांडीवर पसरून बसला, समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) बोट फिरवत म्हणाला, "दादा, इथे रेषा एकमेकींना चिकटल्यात. पुढे कडा असणार. सरळ नको, वळसा घालू." पुढे जुनी खाण होती. त्याचा गट पहिला आला की तिसरा, ते मला आठवतही नाही. पण त्यानंतर त्याने एकही महिना चुकवला नाही.

असे उपक्रम पुण्याच्या आसपास भरपूर आहेत. पवना धरणाच्या पाण्यात कयाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, एखाद्या भिंतीवर दोर लावून प्रस्तरारोहण, सायकलवरून खडकवासला, चुलीवर स्वतः रांधायचा मुक्काम. ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाट चढते, तेव्हा तिच्याबरोबर सासवडपर्यंत चालणं हेसुद्धा तीसेक किलोमीटरचं साहसच आहे, आणि त्यात कुणी कुणाला मागे टाकायला निघालेलं नसतं.

शहराचं कॅलेंडर न बघता तारखा ठरवणं

जुलै-ऑगस्टमध्ये रविवारी मुलं गायब असतील तर ती आळशी नाहीत, ढोलपथकाच्या सरावाला गेली आहेत. गणपतीआधीचे दोन महिने निम्मा गट तिथेच असतो. पालखीच्या दिवसांत रस्ते बंद असतात. दहावीवाल्यांना जानेवारीनंतर हात लावायचा नाही. हे आधी कॅलेंडरवर मांडा, मग उरलेल्या जागेत उपक्रम बसवा.

ऋतूचंही तेच. मोठी चढण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये काही करायचंच तर पहाटे निघून ऊन चढायच्या आत खाली. आकाशदर्शन थंडीत ठेवा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, फक्त त्या वर्षी चंद्र किती आहे ते आधी बघा.

पावसाळ्याबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. धबधबा हा मुलांचा उपक्रम नव्हे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्याच एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते, वर डोंगरात धो-धो कोसळत असतं आणि पाणी काही मिनिटांत चढतं. पावसात जिल्हा प्रशासन कुठे बंदी घालतं ते निघायच्या आदल्या दिवशी पाहा, आणि पर्यायी बेत कागदावर तयार ठेवा. छताखाली गाठी शिकवणं, प्रथमोपचार, स्ट्रेचर बांधून खरोखर एकाला उचलून नेणं, यातही मुलं रंगतात. "पाऊस आला म्हणून रद्द" असा निरोप दोनदा गेला की तिसऱ्यांदा कुणी सॅक भरत नाही.

पुढच्यांची विश्रांती, मागच्यांची फरपट

हे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या वाटेवर दिसतं. पुढची मुलं भराभर चढतात, झाडाखाली बसतात, पाणी पितात, गोळ्या चघळतात. दहा मिनिटांनी शेवटची दोघं-तिघं लाल तोंडाने पोचतात आणि दादा म्हणतो, "चला, सगळे आले, उठा!" म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज होती त्यांनाच ती मिळाली नाही. अशाने पायात गोळे येतात, मन खट्टू होतं, आणि थकलेला पाय घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, सरकतो.

उपाय सोपा आहे. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा मुलगा बसल्यावर सुरू करा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवा, वेग आपोआप बसतो. पुढे एक आणि सगळ्यांच्या मागे एक मोठं माणूस असलंच पाहिजे, आणि मागच्याने कुणालाही ओलांडायचं नाही.

एकदम मोठी उडी

तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. तो पहिल्याच महिन्यात ठेवू नका. पर्वती, मग तळजाई, मग सिंहगड, मग लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी आणि लोहगड, अशी चढती भाजणी ठेवा. पाण्याचं आणि दोराचंही तसंच.

पाणी आणि दोर पैसे देऊन सोपवले की काळजी मिटली असं मानणं

मिटत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांना नोंदणी करायला सांगितलं आहे. नोंदणी विचारा, न लाजता विचारा. मग स्वतः हात लावून बघा. लाइफ जॅकेटचे बक्कल लावून खांद्यापाशी धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्या मुलाच्या मापाचं नाही, दुसरं मागा. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, उतरायच्या दोराशिवाय वेगळा सुरक्षा दोर आहे का आणि तो कुणाच्या हातात आहे, हे विचारा. एकदा एका आयोजकाने "इथे पाणी कमरेएवढंच आहे, जॅकेट कशाला" असं उत्तर दिलं. आम्ही मुलांना बसमध्ये बसवून परत आणलं. मुलं रुसली, पालकांनी पैशांचा हिशेब मागितला, पण तो निर्णय मी आजही तसाच घेईन. धरणाच्या काठचा गाळ कुठे पाय धरून ठेवेल ते वरून दिसत नाही. कोलाडचं राफ्टिंग सकाळी वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर चालतं, त्यामुळे पुण्याहून भल्या पहाटे निघायची तयारी हवी, आणि ते पोहता न येणाऱ्यांचं पहिलं पाणी असू नये.

जे कुणी बोलून दाखवत नाही

लोहगडावरून उतरताना एका मुलीच्या बुटाचा सोल पुढून निघाला आणि चालताना जिभेसारखा लोंबू लागला. तिने कुणाला सांगितलं नाही. खिशातल्या रिबिनीने बांधून ती तासभर चालली. ते बूट मोठ्या भावाचे होते. तेव्हापासून आम्ही आदल्या रविवारी सगळ्यांचे बूट तपासतो आणि जुने चांगले बूट मापाप्रमाणे जमवून ठेवतो. वर्षातून एकच खर्चिक उपक्रम, बाकीचे पीएमपी बस किंवा लोकलच्या तिकिटात. पैशांअभावी येता येत नाही हे मूल तोंडाने सांगत नाही, ते फक्त यायचं थांबतं.

मुलींबरोबर एक ताई हवीच, आणि तिच्या सॅकमध्ये पॅड, जुने कागद आणि पिशवी. मुक्कामाच्या जागी संडास कुठे आहे ते आधी जाऊन बघावं. दम्याचा पंप कुणाचा, कुणाच्या सॅकच्या कुठल्या कप्प्यात, हे निदान दोन मोठ्या माणसांना पाठ हवं. किल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात: सेंट नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून त्या जागेपासून लांब पळायचं.

यंदा सहा रकाने आम्ही भरले, सहा मुलांना दिले. डिसेंबरला त्यांनी मुळशीकडच्या एका शाळेच्या मैदानावर रात्रीचं आकाश लिहिलंय, स्वयंपाकासकट. मे महिना अजून रिकामा आहे. मुलींना पोहायला शिकायचं आहे, मुलगे सायकलवर अडून बसलेत. रविवारी पुन्हा बैठक आहे.