काठी घडवायला शिकायचंय? आधी माणूस बघा

काठी करायला शिकायचंय म्हणून जी पोरं येतात, ती बहुतेक पहिल्याच दिवशी नागाचा फणा किंवा घोड्याचं तोंड कसं कोरायचं ते विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, काठी कुणासाठी करणार? ज्या सुतारमामांकडे मी हे काम शिकलो, त्यांचा हाच नेम होता. "आदी म्हातारा बघायचा, मग लाकूड बघायचं," म्हणायचे. काठीवर माणूस आपला भार टाकून पायरी उतरतो. नक्षी चुकली तर वाईट दिसेल एवढंच, पण लांबी चुकली किंवा मूठ निखळली तर माणूस पडेल.

मापापासून सुरुवात करा. ज्याची काठी आहे त्याला रोजचं पायताण घालून सरळ उभं करायचं, हात मोकळे सोडायला सांगायचं आणि जमिनीपासून मनगटाच्या वळीपर्यंत मोजायचं. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. अनवाणी माप घेतलं आणि आजोबा जाड तळाची कोल्हापुरी घालून आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर फिरायला निघाले, की काठी आखूड पडते. खालच्या रबरी टोपीची जाडीही मापात धरायची. एक पाय दुखरा असेल तर काठी त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरतात. हे घरच्यांनाही सांगा, कारण पुष्कळ जण उलट धरतात.

आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांची काठी मात्र वेगळी. तिथं चिखल, निसरडी उतरण आणि ओढे. तिला छातीपर्यंत उंची हवी आणि खाली रबराऐवजी लोखंडी टोक हवं.

आता लाकूड. नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, म्हणून सविस्तर सांगतो. व्हिडिओत परदेशी कारागीर हेझल आणि ब्लॅकथॉर्नच्या काठ्या करताना दिसतात. ती झाडं आपल्या भागात नाहीत, आणि त्यावाचून आपलं अडतही नाही. पेरूची फांदी चिवट असते, वजनाला बरी आणि साल निघाल्यावर गुळगुळीत. बाभूळ जड पण दणकट. धामणीला लवचीकपणा आहे, म्हणून पूर्वी कावडीचे दांडे तिचे करत. बांबू घ्यायचा तर माणगा घ्या, तो जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू मात्र नको. शेवगा आणि पांगारा कितीही सरळ दिसले तरी काठीला घ्यायचे नाहीत, भार पडला की मोडतात.

लाकूड आणायचं कुठून? माझं बरंचसं पेरूच्या बागांच्या छाटणीतून येतं, मुठीसाठी शिसवीचे तुकडे टिंबर मार्केटमधल्या वखारीतून. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून काडीसुद्धा उचलायची नाही. आपल्या रानातलं झाड असलं तरी १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्यानुसार ठरावीक जातींना परवानगी लागते. बांबूचं सोपं आहे, वनाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने झाडात मोजला जात नाही.

फांदी थंडीत तोडा. हवी त्यापेक्षा वीतभर लांब आणि थोडी जाड ठेवा, कारण टोकं तडकतात आणि तेवढा भाग कापून टाकावाच लागतो. दोन्ही टोकांना लगेच वितळलेलं मेण किंवा ऑइलपेंट फासा. साल तशीच राहू द्या, म्हणजे ओल सावकाश निघते. पाच-सहा फांद्यांची मोळी घट्ट बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगा. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरायचं. घाई करून उन्हात टाकलेली फांदी उभी चिरते. वाळली की नाही हे कळायला महिन्याला एकदा वजन करा. ते घटायचं थांबलं की लाकूड तयार. खाली पिवळसर भुकटी दिसू लागली तर घुणा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, लागलाय, ती फांदी बाकीच्यांपासून लगेच बाजूला काढा. बांबूत पिष्ट जास्त, त्यामुळे घुणा त्यालाच आधी धरतो. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलं तर बराच बचाव होतो.

फांदी वाकडी असेल तर वाफ द्या, इंचाला तासभर, आणि गरम असतानाच फळीला बांधून ठेवा. थोडा बाक मात्र राहू द्यावा, असं माझं मत. तो झाडाचाच आहे.

मूठ जोडकामाची असेल तर रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू कुठल्या दिशेने गेलेत ते, बघा. लाकडाची रेषा मुठीच्या लांबीने गेली पाहिजे. आडवी गेली तर मूठ मधोमध तुटते. फांदीचं नैसर्गिक बेचकं मिळालं तर सोनंच, कारण तिथं रेषा आपोआप वळलेली असते. जोडासाठी आठ मिलिमीटरची आट्यांची सळई दोन्हीकडे खोल बसवून अराल्डाइट भरा, नुसत्या खिळ्यावर विसंबू नका. संधिवाताच्या हाताला बारीक मूठ आवळता येत नाही, त्याला रुंद, तळव्याला टेकणारी मूठ लागते. घासताना मधेमधे डोळे मिटून धरून बघा. जिथं टोचेल तिथंच कानस चालवायची. शिसवीचा भुसा काहींना बाधतो, तोंडाला मास्क हवाच.

कोरीवकाम मुठीखाली करा आणि उथळ ठेवा. दांड्याभोवती गोल फिरणारी खोल खाच कधीच नको, काठी तिथंच मोडते. वेल उभी चढवा. पटाशीला धार पाहिजे, आणि धारेवर शेवटचा हात फिरवायला चप्पल लाइनमधला, म्हणजे चपलांच्या बाजारातला, चामड्याचा टाकाऊ तुकडा पाटीवर चिकटवला की झालं.

पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, ३२० असा चढत जा. शेवटच्या आधी ओलं फडकं फिरवा, उठलेले तंतू वाळू द्या, मग पुन्हा घासा. तेल जवसाचंच लावा, पातळ, आणि जास्तीचं पुसून घ्या. शेंगतेल वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. स्पिरिटात विरघळवलेली चपडा लाख सुंदर चमकते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत पांढुरकी पडते, ते काम दिवाळीनंतरच काढावं. मुठीवर मात्र चकचकीत थर नको. घामेजल्या हातातून काठी निसटते.

पैशांचंही बोलू. नुसत्या काठ्यांवर घर चालेल असं मी कुणाला सांगत नाही. सुतारकाम किंवा फर्निचरच्या जोडीला हे चांगलं चालतं. दर ठरवताना वर्षभर टांगून ठेवलेल्या लाकडाचाही हिशेब धरा, नवी पोरं नेमकं तेच सोडतात. आणि गिऱ्हाइकाला काठी देताना जास्तीची एक रबरी टोपी सोबत द्या. टोपीच्या खालच्या रेषा झिजल्या की ती बदलायची, हे त्याला आणि त्याच्या सुनेला, दोघांनाही दाखवून द्या.