राइडवरून खगोलशास्त्र शिकवताय? या चुका टाळा

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट या मनोरंजन उद्यानात २००३ पासून ‘मिशन: स्पेस’ ही राइड आहे. चौघांनी एका कॅप्सूलमध्ये बसायचं, उड्डाणाचा दाब अंगावर झेलायचा, चंद्राला वळसा घालायचा आणि मंगळावर उतरायचं. घरी शिकणाऱ्या मुलाला आकाशाकडे वळवायला ही फार छान सुरुवात आहे, कारण इथे प्रश्न पुस्तकातून नाही, अंगातून येतात. पण राइड बनवली आहे थरारासाठी. ती जिथे जिथे खोटं दाखवते, तिथेच आपला धडा असतो आणि बहुतेक पालक नेमकं तेच सोडून देतात.

बाहेर पडताच प्रश्नोत्तरं

राइडच्या दारातच “काय शिकलास?” विचारू नका. त्या दिवशी मुलाला फक्त बोलू द्या. कधी जड वाटलं, कधी हलकं वाटलं, कशाची भीती वाटली, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढचे कित्येक आठवडे हाच कागद कामाला येतो.

वेगाचा धडा काढणं

“किती जोरात गेलो!” असं मूल म्हणतं आणि आपण वेगाचं गणित काढतो. खरं तर कॅप्सूल कुठेच जात नाही. ती एका फिरत्या यंत्राला जोडलेली असते आणि वॉशिंग मशीनमधले कपडे जसे कडेला दाबले जातात, तसे आपण पाठीमागे दाबले जातो. जाणवतं ते त्वरण, म्हणजे वेगात किंवा दिशेत होणारा बदल. एकसारखा वेग जाणवतच नाही: पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किमी धावते, तरी आपल्याला काहीच कळत नाही. राइडमधला दाब ‘अडीच जी’पर्यंत, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या अडीच पट जातो; तो समजावताना सूत्राआधी वजन सांगा. ३० किलोच्या मुलाला आपण ७५ किलोचे झालो, असं वाटेल. मग अर्धी बादली पाणी घेऊन अंगणात उभी गोल फिरवा. पाणी सांडलं तर बहुधा हात वर असताना मंदावतोय. पाणी त्याच जागी सांडतं, म्हणून तिथेच वेग राखायचा.

“अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं”

सगळ्यांत खोलवर रुजणारी चूक हीच. राइडमध्ये इंजिनं बंद होतात आणि हलकं वाटतं, पण ते फक्त दाब अचानक उतरल्यामुळे. जमिनीवरचं फिरतं यंत्र आपलं वजन घालवू शकत नाही. उरलेला गैरसमज आपणच “वर गुरुत्व नाही, म्हणून तरंगतात” असं म्हणून पक्का करतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर आहे आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के आहे. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं यान एकत्र सतत पडत असतात. पुढे जाण्याचा वेग इतका, की पडता पडता पृथ्वीला वळसा बसतो.

हे तोंडी सांगून पटत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, धार सुरू झाली की बाटली सोडून द्या. पडत असताना धार थांबते! आधी धारच लागली नाही, तर झाकण लावलेलं असेल, ते काढा. धार थांबलेली दिसलीच नाही, तर उंची कमी पडतेय. दोन मीटरवरून पडायला जेमतेम ०.६ सेकंद लागतात, म्हणून फोनवर स्लो मोशनमध्ये टिपा. मग तीच बाटली वर फेकून बघा आणि वर जाताना धारेचं काय होईल, ते मुलाला आधी सांगायला लावा. तेव्हाही धार थांबते. बाटली वर जातेय की खाली, याचा संबंध नाही. फक्त गुरुत्वाच्या ताब्यात असणं पुरेसं आहे, हे मुलाला इथे कळतं. या प्रयोगाला पूर्ण दुपार द्या.

अंतरं तशीच सोडून देणं

राइडमध्ये मंगळ काही मिनिटांत येतो, कारण मधला प्रवास झोपेत उरकतो. मुलाला विचारा, ही झोप किती दिवसांची असेल? आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं. दिवस मोजू द्या. लघुग्रहांच्या गर्दीतून वाट काढण्याचा प्रसंगही तपासा; खऱ्या पट्ट्यात दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये सरासरी लाखो किमी अंतर असतं.

घरातल्या प्रतिकृतीत ग्रहांचे आकार एका प्रमाणात आणि अंतरं दुसऱ्याच, ही चूक नेहमी होते. सूर्य १.४ सेंमीचा घ्या. मग पृथ्वी दीड मीटरवर, मंगळ सव्वादोनवर, नेपच्यून ४५ मीटरवर. पृथ्वी टाचणीच्या डोक्याहूनही लहान होते. मूल हिरमुसलं तरी ती मोठी करू नका. याच प्रमाणात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४०० किमीवर असेल, म्हणजे सरळ रेषेत मुंबईहून पणजीइतका.

जबरदस्ती

या राइडचे दोन प्रकार आहेत. मंगळावर नेणाऱ्या, फिरणाऱ्या ऑरेंज मोहिमेला उंची ११२ सेंमी लागते. लहान, घाबरणाऱ्या किंवा गरगरणाऱ्या मुलाला न फिरणारी ग्रीन मोहीम द्या. ती पृथ्वीभोवती नेते. खरं अंतराळ स्थानक दीड तासात एक फेरी मारतं, मग तिथे दिवसभरात किती सूर्योदय? हा धडा मंगळाच्या धड्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

आकाश राहूनच जाणं

इतकं करूनही मुलानं मंगळ डोळ्यांनी पाहिला नसेल, तर ते अजून अंतराळयानंच शिकतंय. फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल आणि सिंह राशीत मघा ताऱ्याजवळ तांबूस, ठळक दिसेल. जानेवारीपासून दर आठवड्याला त्याची जागा मघाच्या संदर्भात वहीत काढू द्या. चित्रं जुळत नसतील, तर बहुधा दर वेळी कागद वेगळा धरला जातोय; आधी तेच तीन-चार तारे काढून घ्या, मंगळ शेवटी. तो ताऱ्यांमधून नेहमीच्या उलट दिशेनं सरकतोय, हे मुलाच्या लक्षात आपोआप येईल. मग पुढचा प्रश्न: मंगळयान आणि नासाचं मंगळाकडे गेलेलं मेव्हन यान, दोन्ही २०१३ च्या नोव्हेंबरमध्येच का निघाली? पृथ्वी मंगळाला साधारण २६ महिन्यांनी एकदा गाठते. राइड दर काही मिनिटांनी सुटते, खऱ्या यानाला मात्र ही वेळ साधावी लागते.