युवक-सेवेत जीव थकलाय? या चुका टाळा

नाताळ होऊन आठ दिवस झाले होते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक संघाची मुलं सभागृहात गिटार लावत बसली होती, आणि एकाच्या हातून तार तुटली. एक साधी तार. मी त्याच्यावर अशी ओरडले की सगळं सभागृह गप्प झालं. त्या मुलानं गिटार भिंतीला टेकवली, चपला हातात घेतल्या आणि तो निघून गेला. पुढे दोन महिने आला नाही.

त्या डिसेंबरात आम्ही रोज रात्री कॅरलला, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी गायला, जात होतो. बेळगावातलं कॅम्प, वडगाव, शहापूर झालं की खानापूरकडची गावं. थंडीत दुचाकीवरून जायचं, परतायला रात्रीचा एक वाजायचा आणि सकाळी पुन्हा नोकरी. माझा राग तारेचा नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. त्यानंतर निपाणीपासून खानापूरपर्यंत कितीतरी तरुण सेवक असेच खचताना पाहिले. चांगली, मनापासून राबणारी माणसं होती ती. म्हणून हे लिहिते आहे.

थकव्याला अविश्वास समजणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. अंगात त्राण उरलं नाही की आपल्याला वाटतं, प्रार्थना कमी पडली. मग आणखी एक उपवास, आणखी एक पहाटेची सभा. पवित्र शास्त्रातलं १ राजे, अध्याय १९ सावकाश वाचून बघा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय पाहिलेला एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न येतो तो नंतर, होरेबावर.

आमच्या पाळकीणबाईंनी माझ्याशी नेमकं हेच केलं. "मला हे काम आता नको" असं सांगायला मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, दुपारचं जेवलीस काय?" जेवले नव्हते. त्यांनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली. "खा आधी. सोडायचंच असंल तर उद्या पण सोडता येतंय की." जेवून मी त्यांच्या आतल्या खोलीत संध्याकाळपर्यंत झोपले. राजीनाम्याचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही.

अशा खचण्याला बर्नआउट म्हणतात. हा शब्द या अर्थानं रूढ झाला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या १९७४ मधल्या लेखामुळे. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात ध्येयानं राबणाऱ्या स्वयंसेवकांचं आणि स्वतःचं जे झालं, त्यावरून त्यानं ते लिहिलं होतं. म्हणजे हा शब्द सेवा करणाऱ्यांच्या थकव्यातूनच पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या संदर्भात त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. आपल्या भाषेत सांगायचं तर संघातल्या मुलाचा फोन वाजला की छातीत धस्स होतं आणि रविवार उजाडूच नये असं वाटतं. असं आठवड्यामागून आठवडे होत असेल तर थांबा, आणि पाळकांना सांगा. लपवू नका.

दोन्ही भाषांचं ओझं एकट्यानं उचलणं

हे ओझं खास आपल्या भागातलं. संघात वीस मुलं असतील तर निम्मी कानडी माध्यमात शिकलेली. घरी मराठी बोलतात, पण मराठी पवित्र शास्त्र वाचताना अडखळतात. एखाद्या घरात कोंकणी. मग पुढारी प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि मग कानडीत सांगतो. अर्ध्या तासाचा अभ्यास तासावर जातो. घसा बसतो, मुलं कंटाळतात, आणि ती कंटाळली म्हणून पुढाऱ्याचं मन आणखी खचतं.

मी हे कित्येक वर्षं केलं. एका शनिवारी नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, मी कानडीतनं वाचू काय?" तिनं उतारा कानडीत वाचला, दुसऱ्यानं मराठीत. मग चौघाचौघांचे गट केले. गटात मुलंच एकमेकांना अर्थ सांगू लागली, चुकली तर एकमेकांना सुधारू लागली. मला शेवटची दहा मिनिटं बोलायचं उरलं. भाषेवरून बाहेर वातावरण तापलेलं असतं तेव्हा तर हे गट मला फार मोलाचे वाटतात.

"मी नसले तर बंद पडेल"

निर्गम १८ मध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेल्या मोशेला सासरा इथ्रो सांगतो, की अशानं तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आपल्याकडे सुरुवात दहांपासून करावी. एकाकडे हजेरी, एकाकडे चहा, एकाकडे वाद्यं. तार तुटली म्हणून ज्याच्यावर ओरडले होते, त्या मुलाच्या घरी जाऊन मी त्याच्या आईसमोर माफी मागितली. आता गिटारी त्याच्याच ताब्यात असतात.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं. दोनशे वर्षांत किती सेवक आले आणि गेले, तरी उपासना चालूच आहे. मला स्वतःला यातून फार धीर येतो.

गेलेली मुलं मोजत बसणं

पीयूसी (बारावी) झाली की मुलं पुणे, गोवा, बेंगळुरूला जातात. हजेरी पंचवीसवरून अकरावर येते आणि पुढारी ते स्वतःचं अपयश मानतो. ते अपयश नाही, आपल्या भागातला रोजगारच तसा आहे. जाण्याआधी त्या शहरातल्या एखाद्या मंडळीशी मुलाची गाठ घालून द्या आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन करा. नव्या गावात पहिले काही रविवार चुकले की पुढे जाणं अवघड होतं.

मध्यरात्रीचे फोन एकट्यानं झेलणं

रात्री दहानंतर फोन बंद, हे संघाला उघड सांगा आणि अडचणीसाठी आणखी एका मोठ्या माणसाचा नंबर द्या. पण एखादं मूल जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला वेळेची अट नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि पाळकांना लगेच कळवा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठी-कानडी दोन्हींत बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही मानसोपचार संस्थाही आहे. प्रार्थना कराच, पण डॉक्टरकडे नेताना वाटेत करा.

नाताळनंतर लगेच पुढचं काम हाती घेणं

आम्ही आता कॅरलची यादी नोव्हेंबरातच करतो. एका आठवड्यात चार रात्रींपेक्षा जास्त नाही, आणि लांबच्या गावाला गाडी ठरवून जायचं. पेट्रोलचा खर्च मंडळीच्या पंचायतीकडे लेखी मागतो, कुणाच्या खिशातून नाही. जानेवारीचे पहिले दोन शनिवार संघ बंद असतो. पहिल्या वर्षी वडील मंडळींपैकी काहींना ते पटलं नाही. तिसऱ्या शनिवारी मुलं आली तेव्हा मी त्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरत होते, आणि किती दिवसांनी मला त्यांची वाट बघावीशी वाटली होती.