नवतपातही हिरवा सांबार कसा घ्यावा

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. इडलीसोबत येतं ते वेगळं. आणि नवतपा म्हणजे साधारण २५ मेपासूनचे तापते नऊ दिवस. हिवाळ्यात हा सांबार इतका होतो की भाजीवाली वांग्यांवर मूठभर तसाच टाकून देते आणि घरोघरी सांबारवड्या तळल्या जातात. मे महिन्यात त्याच मुठीचे पैसे पडतात, आणि बाजारातून आणलेला सांबार घरी येईपर्यंत पिशवीतच मान टाकतो.

"उन्हाळ्यात सांबार होत नसते रे बापा," असं माझी माय म्हणायची. उघड्या वाफ्यापुरतं तिचं म्हणणं खरंच आहे. सांबार हे थंडीचं पीक. माती तापली की धने उगवत नाहीत, आणि उगवलेच तर पानं धरायच्या आधी दांडा काढून फुलावर जातात. पण आपल्याकडे उन्हाबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कोरडी हवा. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तरीही त्या दुपारी कूलरसमोर माणसं चादर ओढून झोपली असतील. मुंबईत तोच कूलर लावला तर नुसता घाम येतो. हवा कोरडी असली की पाणी झपाट्याने उडतं, आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. पुढचा सगळा खटाटोप या एका हिशोबावर उभा आहे.

सुरुवात मात्र फेब्रुवारीत करायची, आणि तीही मातीपासून.

माती आधी, बी नंतर

आपली काळी माती वावरात सोनं असली तरी कुंडीत ती दगड होते. पाणी दिलं की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून मिश्रणात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. मी १० घमेल्यांचा हिशोब धरतो. ३ घमेली काळी माती, ३ घमेली वर्षभर कुजलेलं शेणखत, १ घमेलं गांडूळखत, २ घमेली जाड वाळू आणि १ घमेलं पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, कोळसा. वरून अर्धा किलो निंबोळी पेंड. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलचा धानाचा तूस मिळतो, तिकडच्यांनी वाळूतला निम्मा वाटा तुसाचा घेतला तरी चालेल.

माती धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, किंवा जुन्या झाडाखालची घ्या. सोयाबीनच्या वावरातली घेऊ नका. सोयाबीनवर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश मातीत महिनोन् महिने राहतो, आणि धन्याचा कोंब फार नाजूक असतो. शेणखत मुठीत घेऊन हुंगा. पहिल्या पावसासारखा वास आला तर ते पिकलं. नाकात झोंबलं तर उकिरड्यावर परत टाका.

कोळशाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. पऱ्हाटी सरसकट जाळली की राख उरते. राख खारवट असते, आणि आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी असल्यामुळे तिला आणखी राख नको. आपल्याला कोळसा हवा आहे. त्यासाठी गुडघाभर खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा खणा. तळाशी थोड्या पऱ्हाट्या पेटवा. वरचा थर पांढुरका दिसू लागला की त्यावर नव्या टाका. ज्वाळ कायम वर राहते, त्यामुळे खालच्या थराला हवा मिळत नाही आणि तो राख न होता काळाच राहतो. खड्डा भरत आला की दोन-तीन बादल्या पाणी ओतून विझवा. वाळलेला कोळसा पोत्यात भरून वरून बडवला की हरभऱ्याएवढे तुकडे होतात. हे तुकडे छिद्रांनी भरलेले असतात. त्यांच्यात पाणी थांबतं, जिवाणू घर करतात. पण कोरडा कोळसा मातीत घातला तर तोच मातीतलं अन्न ओढून बसतो, म्हणून आधी दोन दिवस जीवामृतात भिजवायचा.

जीवामृताची पद्धत नैसर्गिक शेती शिकवणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे गावोगावी पोचली. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचा हा माणूस, २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं माप एकराला २०० लिटरचं आहे. आपल्याला २० लिटरची बादली पुरते. १ किलो ताजं शेण, १ लिटरपर्यंत गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती पाण्यात कालवा, पोत्याने झाका आणि सावलीत ४८ तास ठेवा. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. गूळ आणि बेसन हे जिवाणूंचं जेवण, आणि मूठभर माती म्हणजे विरजण.

सगळं कालवलं की माती सावलीत ढिगाने ठेवा, कुटाराने (भुश्याने) झाका आणि महिनाभर ओलसर राहू द्या. ओल किती, हे मुठीनेच कळतं. मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. पहिल्या आठवड्यात ढीग कोमट लागेल, मग निवेल. निवल्यावर आत पांढरे तंतू दिसले तर घाबरू नका, ती कामाची बुरशी आहे. या वेळी कृषी केंद्रातून आणलेला ट्रायकोडर्मा (ही रोगाशी लढणारी बुरशी) किलोभर गांडूळखतात १० ग्रॅम या मापाने मिसळून ढिगात घाला. पुढे रोपं बुडातून कुजतात ती मर बरीच आटोक्यात राहते.

डबा कोणता घ्यावा

पहिल्या वर्षी मी नर्सरीच्या काळ्या पिशव्या आणल्या. एप्रिलच्या एका दुपारी पिशवीच्या कडेने मातीत बोट घातलं आणि झटक्यात काढलं. आतलं गांडूळ शिजलं होतं, अक्षरशः. काळं प्लास्टिक ऊन पितं, आणि ३५ अंशांच्या वर गांडुळांसारखा मातीतला जीव अडचणीत येतो. तेव्हापासून मी संत्र्याचं कॅरेट वापरतो. त्याला आतून पोत्याचं अस्तर लावायचं. चारही बाजूंनी पोतं ओलं राहतं, वारा लागतो, आणि माठासारखंच कॅरेट आपोआप गार होतं. माती ९ इंच भरली तरी पुरे. कॅरेट जमिनीवर टेकवू नका, दोन विटांवर ठेवा.

मांडव आणि चुंगड्या

जागा घराच्या पूर्वेची निवडा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट उंच बांबूचा सांगाडा पुरतो. त्यात चार-पाच कॅरेट मावतात. वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट घाला. एप्रिल संपता संपता त्यावर जुनं पांढरं धोतर किंवा लुगडं टाका, पण नेटला चिकटवून नाही. मध्ये वीतभर अंतर ठेवा, म्हणजे दोन्हींमधून गरम हवा निघून जाते.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात झळा बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. त्या बाजूला तागाच्या चुंगड्या, म्हणजे पोती, उकलून पडद्यासारख्या टांगा. प्लास्टिकच्या खताच्या पोत्यांचा इथे उपयोग नाही, ती पाणी धरत नाहीत. पडद्याच्या वरच्या काठावर ठिबकची जुनी नळी बांधा, वीतभर अंतराने सुईने भोकं पाडा आणि नळी उंचावरच्या पिंपाला जोडा. थेंब थेंब पाणी चुंगडीवर उतरतं, झळ त्यातून आत शिरते आणि निवते. समोरची पूर्वेची बाजू उघडी ठेवा, नाहीतर ओलसर हवा आतच कोंडेल. विजेविना चालणारा हा कूलर आहे, लोडशेडिंगची फिकीर नाही.

बाजारात दोनशे-तीनशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते आत टांगा. माझ्याकडे दुपारी तीनला बाहेर ४४ असताना आत ३३-३४ असतात. हिवाळा नव्हे, पण सांबार जगतो. त्या पडद्याला दिवसाला २०-२५ लिटर पाणी लागतं. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथे हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मिळत असेल तर ते पडद्याला चालेल, मातीला नको. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी बोअरचं पाणी कॅरेटमध्ये घालूच नये. चार आठवड्यांत मातीवर पांढरी साय धरते आणि पानांच्या कडा जळतात. चुंगडीवर तसा थर आला तर ती धोपटून धुवा.

खरा कूलर लावायचा मोह मलाही झाला होता. माय दारात उभी राहून म्हणाली, "आता सांबारालेही कूलर लावतं काय?" लावला. थेट झोताने कोवळी रोपं दोन दिवसांत आडवी झाली, आणि रात्रीही चालू ठेवल्यामुळे उरलेली बुडातून कुजली. लावायचाच असेल तर झोत भिंतीवर मारा, आणि सूर्य कलला की बंद करा. चुंगड्यांचं पाणीसुद्धा सहाला बंद. रात्री पडदे वर गुंडाळून ठेवा, म्हणजे दिवसभराची गरमी निघून जाते आणि बुरशीला ओल मिळत नाही.

धने माठाशी

बियाणं कृषी केंद्रातून घ्या. किराण्यातले धने जुने किंवा भाजलेले निघाले तर आठवडा फुकट जातो. बियाण्याला गुलाबी-हिरवा लेप असेल तर ते विषारी औषध असतं, हाताळल्यावर हात साबणाने धुवा. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून फरशीवर पसरून चपलेच्या तळाने हलकेच रगडा. दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर, १२ तास भिजवा.

मग सुती कापडात पुरचुंडी बांधून ती माठाच्या तिवईवर, माठाला टेकवून ठेवा. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार जागा तीच. सकाळ-संध्याकाळ पुरचुंडी ओली करा. चार ते सहा दिवसांनी उकलून पाहा. फाकेच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी पेरा. कोंब लांबू दिला तर पेरताना मोडतो. थेट पेरलेलं बी तापलेल्या मातीत बसून राहतं, ते या युक्तीने टळतं.

कॅरेटला तीन चहाचे चमचे धने पुरतात. चार इंचांवर ओळी ओढा, अर्धा इंच खोल पेरा आणि वर कुटाराचा पातळ थर द्या. खारी आणि चिमण्या येतात, म्हणून पहिले आठ दिवस जुनी मच्छरदाणी अंथरा. पहिली पेरणी मार्चअखेर करा, मग दर १२ दिवसांनी एकेक कॅरेट. मेमध्ये पेरलेल्यावर भरवसा ठेवू नका. एप्रिलमध्ये पेरलेलाच सांबार नवतपात कामी येतो.

पाणी सकाळी सहाला द्या. आधी मातीत बोट दोन पेरं घालून पाहा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. दुपारी रोप मरगळलं तर उन्हात पडलेल्या पाइपचं पाणी चुकूनही देऊ नका. त्यातलं पहिलं बादलीभर पाणी चहाला ठेवल्यासारखं असतं. सावलीतल्या रांजणातलं घ्या.

जीवामृत एका भागाला दहा भाग पाणी घालून, पेरताना एकदा आणि पंधराव्या दिवशी एकदा द्या, आणि तेही फक्त मातीत. त्यानंतर नाही. सांबार आपण कच्चा खातो आणि जीवामृतात ताजं शेण असतं, म्हणून पानावर एक थेंबही उडू देऊ नका, आणि कापल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुवा. मावा दिसला तर साध्या पाण्याची पिचकारी पानाच्या खालून मारा. आत हवा फार कोरडी झाली तर लाल कोळी येते, म्हणजे पडदा कुठेतरी सुकला आहे. आधी नळीचं बुजलेलं भोक शोधा.

३५ ते ४० दिवसांत कापणीला येतो. उपटू नका, दोन इंच ठेवून कात्रीने कापा. थंडीत दोन-तीन कापण्या होतात, उन्हाळ्यात एक, फार तर दीड. जुडी बारीक दिसेल, पण वास असा की वरणात चार पानं टाकली तरी शेजारी विचारतात.

मृग लागला, हवा दमट झाली की ओल्या चुंगड्यांचा उपयोग संपतो. उलट बुरशी वाढते. पहिला चांगला पाऊस पडला त्या दिवशी पडदे उतरवा, उन्हात वाळवा आणि उंदीर लागणार नाहीत असे टांगून ठेवा. कॅरेटमधली माती मात्र रिकामी ठेवू नका. त्यात चवळी टोचा. तिच्या मुळांवरच्या गाठी मातीला नत्र देतात. दिवाळीनंतर वेल उपटू नका, बुडाशी कापा आणि वरून दोन ओंजळी गांडूळखत घालून पुन्हा धने पेरा, या वेळी पुरचुंडीची गरज नाही.